कानांची साक्ष

ध्वनीविषयी लिहू लागले म्हणजे भाषा उसनी आणावी लागते. रंगाला तांबडा, निळा अशी त्याची स्वतःची नावे आहेत. चवीला आंबट, तुरट, खारट आहेत. आवाजाला मात्र आपण गोड म्हणतो, जाड म्हणतो, कोरडा किंवा उबदार म्हणतो. म्हणजे जीभ, हात आणि त्वचा यांच्या दारी जाऊन शब्द मागून आणतो. हेडफोनला जोडावयाच्या छोट्या ॲम्प्लिफायरची जी परीक्षणे हौशी मंडळी लिहितात, त्यांत तर या उसनवारीला मर्यादाच राहत नाही. कुणाला पडदा बाजूला सरल्यासारखा वाटतो, कुणाला गायक दोन पावले पुढे आलेला दिसतो. मला या शब्दांविषयी आकस नाही. संगीतावर प्रेम करणारा माणूस जमाखर्चाच्या वहीसारखे बोलू शकत नाही. परंतु त्या शब्दांतले यंत्राचे किती आणि ऐकणाऱ्याच्या मनाचे किती, याची फोड केल्यावाचून मत देऊ नये, असे मी मानतो.

असे मत देण्याचा प्रसंग माझ्यावर आला तो आमच्या गायकवृंदातील एका व्हायोलिनवादक युवकामुळे. वय सव्वीस. मुंबईत एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतो. वसईहून जातायेता दीड तास लोकलमध्ये, कानांत इयरफोन घालून. त्याने फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी एक ॲम्प्लिफायर तयार केला होता. ही रचना मूळ अमेरिकेतील चू मॉय या हौशी माणसाची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ती सर्वांसाठी खुली केली, आणि अल्टॉइड्स या पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ती नेमकी बसते म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी ती त्या डबीत बसवली. आत फार काही नसते. आठ पायांची एक चिप, काही रोधक, काही धारित्रे, आवाजाचे एक बटण आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आमच्या युवकाने खोकल्याच्या गोळ्यांची डबी वापरली होती. झाळकाम सुबक होते.

"फादर, तुमचा कान तयार आहे. तुम्हीच सांगा, आवाज कसा आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मोबाइलमध्ये हल्ली दम राहिलेला नाही. वर्षभर गाणं पहिल्यासारखं लागतच नाही."

कान तयार आहे हे अर्धेच खरे. सेमिनरीत ऑर्गन वाजवायला आणि चार आवाजांतले गायन वेगवेगळे ऐकायला शिकलो, एवढी शिदोरी आहे. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या कानाला १२,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही ऐकू येत नाही, आणि माझेही तसेच आहे. तेव्हा झांजेच्या अगदी टोकाच्या झंकाराविषयी मी निवाडा देणार नाही, हे त्याला आधीच सांगून टाकले.

वाचकांपैकी ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोबाइलमध्येही एक ॲम्प्लिफायर असतोच. ज्यांच्या मोबाइलला इयरफोनचे गोल छिद्र उरलेले नाही (आयफोनमधून ते २०१६ मध्ये गेले आणि इतरांनी तीच वाट धरली), त्यांच्या त्या इवल्याशा जोडवायरीतसुद्धा तो असतो. मग बाहेरून आणखी एक कशाला? याचे उत्तर हेडफोनच्या रोधात आहे. साध्या इयरफोनचा रोध १६ ते ३२ ओहमच्या आसपास. माझ्याकडे आखातात नोकरी करणाऱ्या पुतण्याने दिलेला सेनहायझर एचडी ६०० आहे, त्याचा रोध ३०० ओहम. मोबाइलने साधारण १ व्होल्ट दिला असे धरले, तर ३२ ओहमच्या इयरफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते आणि ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३. पहिल्याला ती उदंड आहे. दुसऱ्याला हल्लीच्या चित्रपटगीतांपुरती पुरते; पण ऑर्गनचे एखादे जुने, हळू पातळीवर ध्वनिमुद्रित केलेले वादन लावले की बटण शेवटपर्यंत फिरवूनही मन भरत नाही. तिथे बाहेरच्या ॲम्प्लिफायरला खरे काम आहे.

दुसरी गोष्ट, जिच्याविषयी जाहिराती सहसा बोलत नाहीत, ती ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या रोधाची. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा जाणकारांचा ठोकताळा आहे. कारण हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. माझ्या हेडफोनचा ३०० हा आकडा नावाचा. १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या पुढे चढतो. ॲम्प्लिफायरचा रोध मोठा असेल तर नेमका तो भाग फुगतो, आणि ऐकणारा म्हणतो, वा, काय खर्ज आहे! हा खर्ज ध्वनिमुद्रणात नसतोच.

आता परीक्षा कशी घ्यावी. युवकाने मला आधी मोबाइल ऐकवला, मग डबी जोडली. डबीतला आवाज भरदार, जवळचा, जिवंत वाटला. वाटणारच. त्या रचनेत आवाजाचे व्होल्टेज ११ पटींनी वाढते. आणि मोठा आवाज माणसाला चांगला आवाज वाटतो, हा आपल्या कानाचा धर्मच आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना खर्जाचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार मंद ऐकू येतात. आवाज वाढवला की ते वर येतात. म्हणून नुसते बटण फिरवले तरी संगीत 'भरल्या'सारखे होते. फरक अगदी थोडा, अर्ध्या डेसिबलच्या आतला असेल, तर तो मोठेपणा म्हणून जाणवतसुद्धा नाही; स्वच्छता म्हणून, जवळीक म्हणून जाणवतो. परीक्षकांची अर्धी शब्दसंपदा इथून जन्मते.

म्हणून पहिले काम, दोन्ही आवाज समान करणे. आणि तेही कानाने नव्हे, मीटरने. आमच्या युवकाकडे साधा मल्टिमीटर होता. असे मीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात, उंच स्वरांवर ते खोटे बोलतात. म्हणून आम्ही २०० हर्ट्झचा एकसंध स्वर वाजवला आणि हेडफोन जोडलेला ठेवूनच दोन्हीकडचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणले. एक टक्का म्हणजे डेसिबलचा दहावा हिस्साही नाही. दुसरे काम, कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देणे. त्याने नाणे उडवायचे आणि माझ्या पाठीमागे बसून त्याप्रमाणे जोडणी बदलायची. मी फक्त कोणते ते सांगायचे. सोळा वेळा. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारांहून कमी असते. म्हणून बारा ही आमची उत्तीर्णतेची रेषा.

माझी नऊ बरोबर आली. हे माझ्या ३०० ओहमच्या हेडफोनवर, मध्यम आवाजात, एका स्त्रीकंठाच्या आलापावर. तानपुऱ्याची जवारी दोन्हीकडे तीच, श्वास तोच. मग जागा बदलल्या, त्याची आठ आली. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटले, "अरे, ही तुझ्या डबीची स्तुती आहे. तिने स्वतःचे काही मिसळले नाही."

हे मी त्याचे सांत्वन करण्यासाठी म्हटले नव्हते. २०११ मध्ये एका अभियंत्याने, स्वतःचे खरे नाव कुठेही न देता, 'ओ टू' नावाच्या अशाच एका बॅटरीवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा आराखडा सर्वांसाठी प्रसिद्ध केला आणि आपली सगळी मोजमापेही त्यासोबत मांडली. चांगल्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा आवाज नसावा, असा त्याचा आग्रह होता. महागडी यंत्रे विकणाऱ्यांशी त्याचे बरेच वाद झाले. २०१२ मध्ये त्याचे लेखन अचानक थांबले. नाव न लावता काम ठेवून जाणारी माणसे मला नेहमीच आवडत आली आहेत. असो.

डबीचे दोषही सापडले. युवकाचे स्वतःचे इयरफोन इतके संवेदनशील की संगीतातल्या शांत जागी मागे बारीक 'स्स्स' ऐकू येई. अकरा पटींची वाढ त्यांना मुळी नकोच होती. शिवाय त्यामुळे बटण सदा शून्याच्या जवळच ठेवावे लागे, आणि स्वस्त बटणांत अगदी सुरुवातीच्या भागात डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात. मला तेथे आवाज किंचित डावीकडे झुकलेला ऐकू आला. बटण पुढे सरकवल्यावर तो मध्यावर आला. मी हे सांगताच युवक म्हणाला, "डावीकडे? मला तर उजवीकडे वाटतो. सगळा नाही, 'स' आणि 'श' आले की, आणि व्हायोलिनच्या गजाची खरखर. बहुतेक माझ्या झाळकामात कुठेतरी चूक आहे."

आम्ही डबी बाजूला ठेवून नुसता मोबाइल लावला. त्याला तरीही उजवीकडेच. मग जे कुणीही घरी करून पाहावे ते केले. इयरफोनची अदलाबदल केली. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. दोष वायरीत किंवा यंत्रात असता तर खरखर बाजू बदलून डावीकडे गेली असती. ती जागची हलली नाही.

त्याच्या मोबाइलवर स्वर निर्माण करण्याची सोय होती. ४,००० हर्ट्झचा स्वर लावला, अगदी हळू, प्रथम माझ्या कानांत. दोन्हीकडे आला. मग त्याच्या उजव्या कानात. त्याने मान डोलावली. मग डाव्या कानात. तो समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "लावा ना, फादर." स्वर चालूच होता.

पुढच्या आठवड्यात त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. श्रवणाचा आलेख निघाला. १,०००, २,००० पर्यंत रेघ नीट. ४,००० वर खड्डा, उजवीकडे उथळ, डावीकडे खोल. ८,००० वर पुन्हा थोडी वर. गोंगाटाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. आपल्या प्रत्येक कानात सुमारे १५,००० केसपेशी असतात, आणि माणसामध्ये त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दोष कुणाचा, हे आलेख सांगत नाही. प्रेस मशीन आहे. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी वाढवलेला आवाज आहे. आणि व्हायोलिन आहे, जे हनुवटीखाली, डाव्या कानापासून वीतभर अंतरावर वाजते. यांतली दोन त्याची उपजीविका आणि त्याचा आनंद आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा घातली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो; ९० डेसिबलला चारच तास उरतात. अकरा पटींची डबी त्या इयरफोनला जोडली तर ९० गाठायला बटणाला बोट लावणेही पुरे. गाणे पहिल्यासारखे लागत नाही म्हणून आमच्या युवकाने आवाज वाढवणारे यंत्र बनवले होते, आणि ते उत्तम बनवले होते.

परत येताना रिक्षात तो फारसे बोलला नाही. उतरताना एवढेच विचारले, "व्हायोलिन सोडू का?" मी डॉक्टरांचेच उत्तर त्याला पुन्हा सांगितले, की सोडायचे कारण नाही. वादकांसाठी कानात घालण्याची खास बुचे मिळतात, ती आवाज दाबतात पण स्वरांचा तोल फारसा बिघडवत नाहीत. सरावाला डाव्या कानात एक घालावे. कारखान्यात वेगळी, जाड. आणि लोकलसाठी कानात घट्ट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडवणारे इयरफोन घ्यावेत. गोंगाट आत आला नाही तर आवाज वाढवावा लागत नाही. त्यासाठी कसल्याही ॲम्प्लिफायरची गरज नाही.

त्याला ते सगळेच पटले असे नाही. बूच घालून वाजवताना आपले वाद्य दुसऱ्या खोलीत वाजते आहे असे वाटते, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पण सरावाच्या वेळी ते त्याच्या कानात असते, मी पाहिले आहे.

डबी त्याने मला दिली. देण्यापूर्वी दोन रोधक बदलून अकराची वाढ तीनवर आणली. माझ्या हेडफोनला तीन पुरेसे आहेत. बटण आता मध्यावर येते, तेथे दोन्ही बाजू समान आहेत, आणि ती 'स्स्स' मला तरी ऐकू येत नाही. ऑर्गनच्या सोळा फुटी नळीचा तळचा सा, जवळजवळ ३३ हर्ट्झचा, फुगवटा न होता गोल आणि सावकाश येतो. रात्री तासभर ऐकतो. बॅटरी काही आठवडे पुरते. ती संपली की शनिवारच्या सरावानंतर तो येऊन बदलून देतो, आणि बटण कुठे ठेवले आहे तेही पाहून जातो.