शहा डोंगरावरचा अष्टकोनी

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, भिंगार मागे पडलं, की तो डोंगरमाथ्यावर दिसायला लागतो आणि मग बराच वेळ नजर सोडत नाही. सगळे त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर. वजीर १५८९ साली गेला. चांदबिबीने नगरचा किल्ला लढवला तो त्यानंतर, १५९५-९६ मध्ये. पण तिचं नाव शौर्याचं, घरोघरी ठाऊक असलेलं. ते या दगडाला चिकटलं आणि त्याने ते मुकाट्याने अंगावर घेतलं.

हा सोशिकपणा त्याच्या धन्याकडूनच आला असावा. इतिहासकार फरिश्ता त्या काळी नगरच्याच दरबारात होता. तो लिहितो, की मन बिघडलेल्या सुलतानाने सलाबतखानाला कैदेत जायला फर्मावलं. माणसं त्याच्या पाठीशी होती, विरोध करा म्हणत होती. त्याने फक्त कोणत्या किल्ल्यात जायचं ते विचारलं, पालखीत बसला आणि दंडा-राजपुरीला निघून गेला. नगरचा फराहबाग १५८३ मध्ये पुरा झाला तोही याच वजिराच्या देखरेखीखाली. एवढ्या कर्तबगार माणसाची कबर आज त्याच्या नावाने ओळखली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आपले फोटोही त्याला नाव परत मिळवून देत नाहीत. संध्याकाळी सगळे कॅमेरे पायथ्याकडे मावळतीला तोंड करून उभे असतात: केशरी आभाळ, पुढे काळी आकृती. चित्र देखणं येतं, पण त्यात तीन मजले कळत नाहीत, कमानींची खोली कळत नाही, दगड तर दिसतच नाही. तशी काळी आकृती कुणाच्याही नावावर खपते. चेहरा हवा असेल तर ऊन त्याच्या तोंडावर यायला हवं, आणि तेही तिरपं.

काळ्या बेसॉल्टचं हे वैशिष्ट्य आहे. समोरून थेट पडलेला उजेड तो गिळून टाकतो. कडेने घासत गेलेलं ऊन मात्र छिन्नीचा एकेक घाव उठवून दाखवतं. भिंतीला आठ बाजू असल्यामुळे निरभ्र दिवशी सकाळ-संध्याकाळ कुठली ना कुठली बाजू अशा तिरप्या उन्हात असतेच. आपण चौथऱ्यावरून फिरत राहायचं, तो एकेक गाल पुढे करत जातो. दुपारी बाराला मात्र तो कुणाशी बोलत नाही. कमानींच्या जागी नुसती गडद भोकं उरतात. तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि त्याच्या सावलीत भाकरी खावी.

आतला स्वभाव वेगळा. बाहेरच्या आभाळाप्रमाणे एक्स्पोजर ठेवलं तर आतला दगड काळा ठिक्कर पडतो, दगडाप्रमाणे ठेवलं तर आभाळ पांढरं फट्ट होतं. इथे फ्लॅश मारणं म्हणजे ध्यानस्थ माणसाच्या तोंडावर बॅटरी मारण्यासारखं आहे. शिवाय भिंतींची जाडी सपाट होऊन जाते. थांबावं. उन्हं कमानीतून आत शिरून खालच्या दगडावर पडली, की तिथून उसळून वर कमानीच्या पोटाला लागतात. तो परतलेला उजेड मऊ असतो आणि त्यातच वरचे सांधे दिसतात. कॅमेरा भिंतीला घट्ट टेकवायचा, श्वास रोखायचा, शटर हळू ठेवायचं. वारा इथे समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवरचा आहे, हात हलवतोच.

ढगाळ श्रावणात तर त्याचा रंगच पालटतो. सावल्या नाहीत, ओला दगड निळसर चमकतो आणि भोवती हिरवा डोंगर. गर्दीही तेव्हाच लोटते. मला स्वतःला पाऊस सरल्यानंतरचा आश्विन जास्त भावतो. हवा धुतलेली, सावलीची कड धारदार.

राहिली उत्तरेकडची बाजू. हिवाळाभर तिला ऊन शिवत नाही, म्हणून तिचे फोटो कुणी काढत नाही. नगर साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मग जुलै सरेपर्यंत दुपारीही किंचित उत्तरेकडेच राहतो. त्या दिवसांत सकाळी उगवतीचं ऊन या बाजूवर लांब आडवं पसरतं आणि एरवी सावलीत बुडालेल्या कमानी आतपर्यंत उघडतात. सलाबतखानाचा चेहरा ज्याला पुरा टिपायचा आहे, त्याने मेच्या शेवटच्या पंधरवड्यात उजाडायच्या आत डोंगर चढावा. मृगाचे ढग आले की ही बाजू पुन्हा झाकली जाते.