अकरा गाड्या, सोळा माणसं आणि एक अलिझे

आमच्या ह्यांच्या बुलेट क्लबची महिन्यातून एका रविवारी राइड असते. फेब्रुवारीतली ठरली गोव्याला, दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात. क्लबमधले एक काका नौदलातून निवृत्त झालेले, त्यांचाच आग्रह होता. सासूबाई म्हणाल्या, "लढाईची विमानं बघून आपल्याला काय करायचंय?" प्रश्न मलाही पडला होता, पण गेले.

पहाटे साडेपाचला बेळगाव सोडलं. डब्यात धपाटे, शेंगाचटणी, काकडी. संध्याकाळचं जेवण दिवसाउजेडी व्हावं म्हणून दुपारी दीडला परत निघायचं, हे ह्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट. क्लबचा एक नियम मला फार आवडतो. पुढे लीडर, सगळ्यात मागे स्वीप, आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी. अकरा गाड्या, सोळा माणसं. आकडा जुळल्याशिवाय कोणी चहाचा कप हातात घेत नाही.

संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. विमानं बाहेर उघड्यावरच उभी आहेत. सगळ्यांत मोठं सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनांचं आणि शेपटीला तीन पंख असलेलं. एके काळी ते एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं. पुढे ही विमानं वायुदलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली, समुद्रावर नजर ठेवायला.

काका मात्र थांबले अलिझेपाशी. पाणबुड्या शोधणारं हे फ्रेंच बनावटीचं विमान. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडता येतात. आत तीन माणसं. काकांनी ऐंशीच्या दशकात विक्रांतवर याच विमानांची देखभाल केली. म्हणाले, "वहिनी, विमानं उडाली की आम्ही डेकवर उभं राहून परतणारी मोजायचो. शेवटचं उतरेपर्यंत घास गिळत नसे." मग हळूच म्हणाले, "१९७१ च्या युद्धात, १० डिसेंबरला, एक अलिझे परत आलंच नाही. तिघंही गेले. मी तेव्हा शाळेत होतो. पण भरती झाल्यावर ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत आधी कळली."

पलीकडे सी हॉक होतं. त्याच युद्धात विक्रांतवरून उडून या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. मनात आलं, तिथे खालीही माणसं होतीच. त्यांचीही घरी कोणी तरी मोजणी करत असणार.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून मारणं ती संकल्पी, श्रावकाने ती सोडायचीच. स्वयंपाकात, घरकामात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या व्यवसायात होते ती उद्योगी, आणि आपल्या माणसांचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी. गृहस्थाला या तिन्ही पूर्ण टाळता येत नाहीत, शक्य तेवढ्या कमी करायच्या. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं. त्या विमानांसमोर त्याचं वजन कळलं. टाळता येत नाही म्हणून ती मिरवायची गोष्ट होत नाही. आणि आपण हात स्वच्छ ठेवून घरी बसतो तेव्हा ते ओझं दुसऱ्या कोणीतरी उचललेलं असतं, हेही विसरून चालत नाही.

मी तिथेच उभं राहून मनात नऊ वेळा णमोकार म्हटला. त्या तिघांसाठी, आणि पलीकडच्यांसाठीही. काकांना सांगितलं नाही, पण त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

तुम्ही गोव्याला गेलात तर समुद्राबरोबर इथेही तासभर द्या. सोमवारी बंद असतं. मुलांना न्या, विमानांचे वेग आणि इंजिनं ती विचारतीलच. कोण परत आलं आणि कोण नाही, तेवढं मात्र आपण सांगायचं.