पाव सेकंदाची गोष्ट

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी सांभाळून घ्या. ॲक्सिलरेशनला 'त्वरण' म्हणतात हे मला इथे होस्टेलवर रूममेटकडून कळलं. ती गावच्या मराठी शाळेतली. ही गोष्ट त्या त्वरणाची, आणि थोडी माझ्या खोटेपणाची.

फर्स्ट इयरला सरांनी सांगितलं, 'जी'ची किंमत स्वतः काढून आणा. सोप्पं! होस्टेलच्या गच्चीवरून दोरी सोडली, उंची भरली 10 मीटर. रूममेट वरून बॉल सोडणार, मी खाली लॅबचं स्टॉपवॉच घेऊन उभी. गणिताने 1.43 सेकंद यायला हवे होते. आले 1.2.

सरासरी वेग 7 ऐवजी 8.3 मीटर प्रति सेकंद झाला. म्हटलं, चालतंय. पण दोन गुणिले उंची भागिले वेळेचा वर्ग केला, तर 'जी' चक्क 13.9! वेगात वेळेने एकदाच भागायचं, त्वरणात दोनदा. त्यामुळे चूकही जवळपास दुप्पट. दहा वेळा बॉल टाकून सरासरी काढली, तरी तेच.

"अगं, सरासरीने कसं जाईल?" रूममेट म्हणाली. "बॉल सुटलेला दिसल्यावर तुझं बोट हलतं, म्हणून सुरुवातीला उशीर. खाली पडताना मात्र तो येताना दिसतो, तिथे तू वेळेवर दाबतेस. चूक दर वेळी एकाच बाजूला."

मला पटलं. तरी जर्नलमध्ये मी 1.42, 1.43, 1.44 असंच लिहिलं. तिने 1.2 लिहिलं, खाली कारणही.

सरांनी माझं जर्नल पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "लॅबचं स्टॉपवॉच 0.1 सेकंदापर्यंतच दाखवतं ना? मग हे 3 आणि 4 कुठून वाचलेस?"

सगळ्या बॅचसमोर जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. तेव्हाही बॉलपेक्षा मीच वेगात खाली गेले असते!

संध्याकाळी रूममेटने एक मीटर दोरीला वजन बांधून लंबक केला. 20 आंदोलनांना 40.3 सेकंद. पाव सेकंद चुकला तरी तो 40 सेकंदांत विरघळतो. 'जी' आला 9.7. मी 9.8 करायला पेन उचललं नाही.

हल्ली सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं होस्टेल उत्तरापासून उलटं रीडिंग काढत बसलेलं असतं. मला कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आलंय तेच लिही गं. चूक कुठे झाली हे त्यातच सापडतं.