ताई, तुझ्या हातात ते आहे

प्रिय ताई,



‘आता माझं कुणाला काय काम?’ असं तू फोनवर म्हणालीस. त्याचं उत्तर बोलून देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

दाजी गेल्यापासून जो तो तुला ‘सावर’ म्हणतो. मी तसं म्हणणार नाही. मला रमाबाई रानडे आठवतात. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. आपल्या निफाडात जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवलं आणि रमाबाई घरातल्या बायकांची बोलणी खात शिकल्या. रानडे नाशिकला नोकरीवर असताना तिथल्याच हायस्कुलात त्या पहिल्यांदा चारचौघांत बोलायला उभ्या राहिल्या. ते भाषण रानड्यांनीच लिहून दिलं होतं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाईंनी चाळिशीही गाठली नव्हती. सुमारे वर्षभर त्या पुण्याच्या घरात मिटून राहिल्या. मग येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे कितीतरी विधवा शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. नवऱ्याने दिलेली अक्षरं रमाबाईंनी परक्या लेकीबाळींच्या हाती दिली. आता भाषण लिहून द्यायला कुणी नव्हतं, तरी त्या बोलल्या.

दाजी अंथरुणाला खिळले तेव्हा तूही खूप शिकलीस. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवायची, पेज भरवताना त्यांना नीट टेकून बसवायचं आणि एक घोट उतरला की मगच दुसरा चमचा. हे तुला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

तुझ्याच गल्लीतल्या त्या मुलीच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय. पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करू, असं तिने विचारलं, तेव्हा तू ‘डॉक्टरांना विचार’ म्हणून दार लावून घेतलंस. दाजींची खोली डोळ्यांपुढे आली असणार, मी समजू शकते. पण ताई, डॉक्टर औषध लिहून देतील. कूस कशी वळवायची हे तिच्या शेजारी उभं राहून तूच दाखवू शकतेस.

दुःख ओसरलं की तिच्याकडे जाईन, असं म्हणू नकोस. दुःख घेऊनच जा. तिथे रडू आलं तर रड. तिलाही कुणाजवळ तरी रडायचं असेल. या रविवारी मी नाशिकला येते. पहिल्यांदा आपण दोघी जाऊ, पुढे तुझी तू जाशील.

तुझीच,
धाकटी