रिकाम्या चौकातला लाल दिवा

रविवारी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावयाचे, हा माझा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. त्या वेळी कर्वे रस्त्यावर माणसांपेक्षा कुत्रीच अधिक असतात. परवा अशाच एका रविवारी एका चौकात येऊन पोहोचतो तो दिवा लाल झाला, आणि मी पदपथाच्या कडेला डावा पाय टेकून उभा राहिलो. दृष्टी जाईल तेथपर्यंत एकही वाहन नव्हते. दिव्याखालच्या चौकटीत सेकंदांचे आकडे मागे मागे सरकत होते. इतक्यात वर्तमानपत्रे टाकणारा एक पोरगा मागून भरधाव आला, त्याने डावीउजवीकडे एकदा मान वळवली आणि माझ्या अंगावरून पुढे जाता जाता तो ओरडला, "काका, चला की! मामा नाहीत!"

आमच्या गावात वाहतुकीच्या पोलिसाला 'मामा' म्हणण्याचा प्रघात आहे. पोराच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरीखुरी कीव होती. अंतरिक्षात कोणी पाहत नसता रामनाम घेणाऱ्या भोळ्या भाविकाकडे एखाद्या नास्तिकाने पाहावे, तसा तो माझ्याकडे पाहून गेला. मी तर्कशास्त्र शिकवून पोट भरणारा मनुष्य. त्याच्या चार शब्दांतला युक्तिवाद मला दिवसभर सोडीना. नियम पाळावयाचा तो कोणासाठी? मामांसाठी असेल, तर ते नसताना तो पाळणे हा वेडेपणाच नव्हे काय?

प्रथम सायकलस्वाराची बाजू मांडतो, कारण ती माझी बाजू आहे आणि कित्येक वर्षे मी ती मोठ्या हिरिरीने मांडीत आलो आहे. मोटारवाल्याला थांबणे म्हणजे पाऊल एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर नेणे. सायकलस्वाराला थांबणे म्हणजे स्वतःच्या मांड्यांनी मिळवलेले धन रस्त्यावर ओतून देणे. आमचे पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आहेत. त्यांनी मला एकदा हिशेब करून दाखवला. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले आणि वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर एकदा थांबून पुन्हा तोच वेग घेण्यास जी शक्ती खर्ची पडते, तेवढ्यात तेच ८० किलोंचे ओझे सव्वा मीटर उंच उचलता येईल. वाटेत असे दहा दिवे लागले, तर मनुष्य सायकलीसकट चार मजले चढून गेल्यासारखे झाले! शिवाय सायकलस्वाराच्या डोळ्यांपुढे काच नाही, नाकापुढे लांबलचक इंजिन नाही, कानात यंत्राची घरघर नाही. चौकात काय येत आहे ते त्याला मोटारवाल्याच्या आधी दिसते व ऐकू येते. तो चुकला तर बहुधा हाडे मोडतात ती त्याची स्वतःची. मग टनभर लोखंड हाकणाऱ्यासाठी केलेला नियम दहा-पंधरा किलोंच्या या गरीब वाहनाला जशाचा तसा लावावा, यात कसला न्याय?

पुणे हे एके काळी सायकलींचे गाव होते, हे सांगावयास नको. आमच्या वडिलांच्या पिढीच्या आठवणींत रात्री दिवा नसल्याबद्दल झालेला दंड आणि डबलसीट बसल्याबद्दल झालेला दंड यांना मोठ्या पराक्रमाचे स्थान असे. आता रस्त्यावर सायकल हा अपवाद उरला आहे. माझ्या सायकलीला क्रमांकाची पाटी नाही, मला परवाना लागत नाही, चौकातल्या कॅमेऱ्याला माझे नाव कळत नाही. कायद्याच्या दृष्टीने मी जवळजवळ अदृश्य आहे. अदृश्य माणसाला सदाचाराची सक्ती कोण करणार? तेव्हा मीही त्या पोरासारखाच मान वळवून पुढे जात असे आणि त्यात मला काही गैर वाटत नसे.

माझ्या या मताला परदेशातून पाठबळही मिळाले. अमेरिकेतल्या आयडाहो या संस्थानाने १९८२ साली सायकलस्वारांसाठी निराळा कायदा केला. 'थांबा' अशी अष्टकोनी पाटी असेल तेथे सायकलस्वाराने वेग कमी करावा, ज्याचा हक्क असेल त्याला आधी जाऊ द्यावे आणि वाट मोकळी असेल तर न थांबता पुढे जावे. लाल दिवा असेल तेथे मात्र थांबावे आणि मग वाट मोकळी पाहून जावे. सायकलस्वारांच्या किरकोळ अपराधांनी न्यायालयांचा वेळ फुकट जाऊ नये, हाही त्यामागे एक हेतू होता. पुढे ३५ वर्षांनी, २०१७ साली, डेलावेअरने त्यातला पाटीपुरता भाग उचलला आणि मग इतर काही संस्थानांनी त्यांचा कित्ता गिरवला. पॅरिसमध्ये २०१२ पासून काही चौकांत सायकलचे चित्र असलेली एक लहानशी त्रिकोणी पाटी लावू लागले. ती असेल तेथे सायकलस्वाराने लाल दिव्यावरही उजवीकडे वळावे, फक्त पायी चालणाराला आधी वाट द्यावी.

इतके दूर तरी कशाला जावयाचे? आमच्याकडेच रात्री उशिरा पुष्कळ चौकांतले दिवे पिवळे लुकलुकत ठेवतात. 'आता गर्दी नाही, ज्याने त्याने सांभाळून जावे' असे सरकारच सर्वांना सांगत असते. म्हणजे रिकाम्या चौकात शहाण्या माणसाचे डोळे पुरेत, हे तत्त्व कायद्याला मुळीच अमान्य नाही. रात्री बाराला मोटारीवर ठेवलेला विश्वास सकाळी सहाला सायकलीवर का ठेवू नये? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. आजही तो मला योग्यच वाटतो.

असे असता मी परवा रिकाम्या चौकात उभा का राहिलो? याचे कारण तर्कशास्त्रात सापडण्याजोगे नाही. ते सांगावयास मला संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. लाल दिव्यापाशी बस, मोटारी, रिक्षा सगळे खोळंबून उभे होते. मी नेहमीप्रमाणे बसच्या डाव्या अंगाने वाट काढीत पुढे आलो. आडव्या रस्त्याने काही येत नव्हते. मी पायडल मारले, आणि बसच्या पुढून एक बाई एकदम माझ्यासमोर आल्या. एकदम आल्या असे मी म्हणतो. वास्तविक त्या सावकाश, पट्ट्यापट्ट्यांवरून, आपल्या हक्काच्या वाटेने येत होत्या. माझ्या हँडलात त्यांची पिशवी अडकली आणि त्या पडल्या. मला खरचटलेसुद्धा नाही. रस्त्यावर कोथिंबीर आणि वांगी विखुरली. मी त्यांना उठवू लागलो, तेव्हा त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता. त्या रागावल्या नाहीत. आश्चर्य वाटल्यासारख्या त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, म्हणून तर मी निघाले!"

रिक्षातून मी त्यांना दवाखान्यात नेले. मनगटाचे हाड मोडले होते आणि सहा आठवडे प्लास्टर होते. मावशी चार घरी पोळ्या करीत असत, हे मला तेथे कळले. त्या सहा आठवड्यांची त्यांची मिळकत मी भरून दिली. पहिल्या खेपेस त्यांनी ती घेण्यास पुष्कळ आढेवेढे घेतले. परंतु प्लास्टर निघाल्यावरही लाटणे पूर्वीसारखे फिरेना, तेव्हा चारांपैकी दोन घरे सुटली ती सुटलीच. याची भरपाई कशी करावी, हे मला कोणत्याही शास्त्रात सापडले नाही.

त्यांचे ते वाक्य मी पुढे अनेकदा मनाशी घोळवले. माझ्या सगळ्या युक्तिवादात दोनच पात्रे होती, मी आणि मोटार. मोटारीपुढे मी दुबळा, म्हणून मला सवलत हवी. तिसरे पात्र माझ्या ध्यानीमनीही नव्हते, आणि त्या पात्रापुढे मीच मोटार होतो. चौक रिकामा आहे असे मी ठरवले ते माझ्या डोळ्यांनी. पण बसच्या पलीकडचे मला दिसत नव्हते आणि मला दिसत नाही हेही मला दिसत नव्हते. मावशींनी मात्र चौक पाहिला नव्हता, त्यांनी दिवा पाहिला होता. सगळे थांबले आहेत, तेव्हा सगळे थांबलेले राहतील, एवढ्या भरवशावर एक अशक्त मनुष्य रस्ता ओलांडावयास निघतो. हा भरवसा ज्याच्या त्याच्या अकलेवर सोपवला, तर म्हाताऱ्या माणसाने, आंधळ्याने, लहान मुलाने घराबाहेर पडावे कसे?

चौकातला दिवा म्हणजे मोटारयुगाचे अपत्य, अशी माझी समजूत होती आणि म्हणून तो मला परका वाटे. पुढे वाचनात आले की, जगातला असा पहिला दिवा लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ डिसेंबर १८६८ मध्ये उभारला गेला. तेव्हा मोटारी कोठे होत्या? घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी चालणारांना, आणि विशेषेकरून सभासदांना, सुखरूप पलीकडे जाता यावे म्हणून ती योजना होती. वायूवर चालणारा तो दिवा महिनाभरातच फुटला आणि तो फिरवणारा पोलीस भाजला, म्हणून ती कल्पना मागे पडली. विजेचा दिवा क्लीव्हलंडमध्ये आला तो १९१४ साली. म्हणजे हा दिवा मूळचा पायी चालणाराचा आहे, मोटारीचा नव्हे. लाल दिव्यावरून मी पुढे जात असे, तेव्हा मी मोटारीचा कायदा मोडतो आहे असे मला वाटे. वस्तुतः मी मावशींचा मोडीत होतो.

मग आयडाहोचा आणि पॅरिसचा कायदा चुकीचा काय? मुळीच नाही. तेथे सवलत दिलेली आहे, घेतलेली नाही. ती छापलेली आहे, मोटारवाल्याला ठाऊक आहे, पायी चालणाराला ठाऊक आहे. आणि दोन्हीकडे तिला एकच अट जोडलेली आहे, की दुसऱ्याचा हक्क आधी. मी येथे माझ्यापुरती जी सवलत मंजूर केली होती, ती माझ्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हती. कोपनहेगनच्या नॉरब्रोगेड रस्त्यावर दिव्यांचा मेळ ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीशी घातलेला आहे. त्या वेगाने जाणाऱ्याला हिरव्यामागून हिरवा दिवा मिळत जातो. तेथे नियम मोडण्याचा मोहच नको म्हणून नियमाने स्वतःला सायकलच्या चालीशी जुळवून घेतले आहे. लंडनमध्ये काही चौकांत सायकलस्वारांना मोटारींच्या थोडा आधी हिरवा दिवा देतात, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीखाली ते सापडू नयेत. ही भीती आमच्याकडेही खरी आहे. हिरवा दिवा लागताच माझ्या अंगावरून डावीकडे वळणारी बस मला आजही धडकी भरवते, आणि तिच्या आधी निसटावे असे मला आजही वाटते. ही सवलत मी अवश्य मागेन, त्यासाठी अर्ज करीन, लेख लिहीन. ती मिळेपर्यंत मात्र थांबेन.

परंतु पहाटेच्या रिकाम्या चौकात, जेथे मावशीही नाहीत आणि बसही नाही, तेथे तरी थांबण्यात काय स्वारस्य, असे तो पोरगा म्हणेल. खरे सांगावयाचे तर तेथे त्याचीच बाजू बळकट आहे. नगराच्या कारभाऱ्यांनी रविवारी सातपर्यंत ते दिवे पिवळे लुकलुकत ठेवले, तर मी त्यांना दुवा देईन आणि सांभाळून पुढे जाईन. तूर्त ते लाल होतात, आणि कोणता चौक खरोखर रिकामा आहे हे ठरवण्याचे काम माझ्या डोळ्यांनी एकदा वाईट रीतीने केले आहे. म्हणून मी ते त्यांच्यावर सोपवीत नाही.

परवा अखेरीस आकडे शून्यावर आले आणि दिवा हिरवा झाला. त्या अवधीत रस्ता ओलांडावयास कोणीही आले नव्हते. पुढच्या चौकात तोच पोरगा एका इमारतीच्या फाटकाशी सायकल लावून वर्तमानपत्राच्या घड्या घालीत होता. मला पाहताच तो हसून म्हणाला, "आलात का काका?" मी म्हटले, "आलो." आणि त्याच्या पुढच्या दिव्यापाशी, तो लाल होता म्हणून, पुन्हा पाय टेकला.