उंच हँडलची जोडणी

क्रूझर म्हणजे दोन चाकांमधले अंतर लांब, सीट खाली बसलेली आणि पाय पुढे सोडून निवांत चालवता येईल अशी मोटरसायकल. तिचे मूळ हँडल काढून त्या जागी १२ किंवा १६ इंच उंचीचे हँडल बसवण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात रुजली आणि ‘चॉपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कापून-जोडून नव्याने घडवलेल्या गाड्यांबरोबर ती जगभर गेली. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातील ‘कॅप्टन अमेरिका’ ही गाडी या परंपरेचे सर्वांत ओळखीचे रूप ठरली. ती घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते क्लिफ व्हॉझ आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर मात्र चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कुठेच नव्हते. जी आकृती पुढे हजारोंनी उचलली ती ज्यांच्या हातून उतरली त्यांची नावे या विषयावरील लेखनात आवर्जून यावीत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पुढील विवेचन २००९ सालच्या हार्ले-डेव्हिडसन स्पोर्टस्टर १२०० या गाडीवर, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने एका मित्राच्या गॅरेजमध्ये केलेल्या जोडणीवर आधारलेले आहे. हँडल ही केवळ एक वाकवलेली नळी असून चार बोल्ट काढले की ती बदलता येते, असा समज बाहेरून पाहणाऱ्याचा होतो. प्रत्यक्षात क्लच, ॲक्सिलरेटर, पुढचा ब्रेक आणि दिव्यांची बटणे ही गाडी ताब्यात ठेवणारी बहुतेक साधने याच नळीवर बसलेली असल्यामुळे, नळी जितकी वर जाते तितकी प्रत्येक केबल, वायर आणि तेलाची नळी अपुरी पडते, आणि खरे काम तिथे सुरू होते.

उंची ठरवताना दिसण्यापेक्षा शरीराचे माप आधी घ्यावे लागते. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेनुसार चालक सीटवर बसून ग्रिप धरतो तेव्हा त्याचे हात खांद्याच्या पातळीपेक्षा सहा इंचांहून अधिक वर जाता कामा नयेत. म्हणजे ही मर्यादा हँडलच्या इंचांवर नसून चालकाच्या खांद्यावर अवलंबून आहे, आणि तेच हँडल उंच माणसाला कायदेशीर तर ठेंगण्या माणसाला बेकायदेशीर ठरू शकते. मध्यम उंचीच्या प्रस्तुत लेखकाचे हात १२ इंची हँडलवर जवळपास खांद्याच्या रेषेत राहत असल्याने तेच निवडले गेले. भारतातील परिस्थिती निराळी आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्याचा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये लावलेला कडक अर्थ पाहता, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांना सोडून जाणारे बदल तेथे मान्य नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाने हे वर्णन अनुकरणासाठी घेऊ नये.

हार्लेच्या हँडलची नळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर व्यासाची असते, तर भारतातील बहुतेक गाड्यांवर ती सुमारे २२ मिलिमीटरची असते. म्हणून ग्रिप, लीव्हरचे क्लॅम्प आणि बटणांचे डबे एकीचे दुसरीला चालत नाहीत. नळीच्या मधल्या भागावर, जिथे ती क्लॅम्पमध्ये आवळली जाते तिथे, बारीक खाचांचा खरबरीत पट्टा असतो. उंच हँडल हा लांब दांडा असल्यामुळे त्याच्या टोकाला दिलेला थोडासा झटकाही क्लॅम्पपाशी मोठा पीळ निर्माण करतो, आणि हा पट्टा गुळगुळीत असेल तर हँडल चालत्या गाडीवर मागे लोळण्याचा धोका राहतो.

वायरी नळीच्या आतून न्यायच्या ठरवल्याने बाह्यरूप स्वच्छ राहिले, पण श्रम वाढले. वायरी आत शिरण्यासाठी नळीला जी भोके असतात त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होत्या. त्या कानसीने घासून, बोट फिरवून खात्री केल्याशिवाय वायर आत घालणे म्हणजे पुढे केव्हातरी, बहुधा रात्री आणि भर रस्त्यात, शॉर्टसर्किट ओढवून घेणे होय. प्रत्येक वायर कापून, मध्ये वाढीव तुकडा घालून डाग दिला आणि उष्णतेने आकसणारी नळी त्यावर चढवली. हे जोड एकाच ठिकाणी आले तर जुडगा जाड होऊन वळणावर अडकतो, म्हणून ते मागेपुढे ठेवले. मग एक दोरी आधी आरपार नेऊन तिच्या टोकाला जुडगा बांधून, एकाने ओढायचे व दुसऱ्याने ढकलायचे, असा क्रम ठेवला.

क्लच केबल बदलणे स्पोर्टस्टरवर अपेक्षेपेक्षा खोलवर जाते, कारण तिचे खालचे टोक इंजिनच्या डावीकडील मोठ्या झाकणाच्या आत गुंतलेले असते आणि या झाकणामागे क्लच व गिअरबॉक्स यांचे एकच तेल खेळते. ते आधी काढून घ्यावे लागते. ॲक्सिलरेटरला दोन केबल असतात, एक उघडणारी आणि दुसरी परत बंद करणारी. त्यांची लांबी पुरेशी आहे की नाही याची चाचणी साधी पण अत्यंत महत्त्वाची आहे: इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायचे आणि आवाज ऐकायचा. या गाडीवर डावीकडे पूर्ण वळवताच इंजिनचा आवाज चढला, याचा अर्थ केबल कुठेतरी ताणली जात होती, आणि अशी गाडी अरुंद जागेत वळताना हात न हलवताही पुढे झेपावली असती. फ्रेमच्या मानेजवळून जाणारा केबलचा मार्ग बदलल्यावर आवाज दोन्हीकडे एकसारखा राहिला.

ब्रेकचे काम मात्र सर्वांत जोखमीचे, आणि त्यावर सर्वाधिक वेळ खर्च होणे योग्यच होते. नव्या नळीची लांबी हँडलच्या इंचांवरून काढता येत नाही, कारण रुंदी आणि मागे झुकाव यांमुळेही मार्ग लांबतो. म्हणून पुढचे चाक अधांतरी उचलून, शॉकॲब्सॉर्बर पूर्ण खाली सुटलेले असताना, लीव्हरपासून कॅलिपरपर्यंत (ब्रेकच्या चकतीला चिमट्यासारखा धरणारा भाग) जाड तार वळवून माप घेतले. नळीची दोन्ही टोके पोकळ बोल्टने बसतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावे लागतात. या गाडीला डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल लागते. ते रंग खाऊन टाकते, म्हणून टाकीवर जाड ओले कापड पसरले होते.

नळी भरल्यावर तिच्यातली हवा काढणे ही या कामातली खरी कसोटी आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, त्यामुळे नळीत बुडबुडा राहिला तर लीव्हर स्पंजासारखा आत जातो आणि चाक थांबत नाही. नेहमीच्या पद्धतीत लीव्हर दाबून तेल खाली ढकलतात; पण उंच हँडलवर नळीचा सर्वांत वरचा भाग लीव्हरपाशीच असल्याने बुडबुडे तिथेच चढून बसतात. म्हणून कॅलिपरच्या बाजूने पिचकारीने तेल सावकाश वर चढवले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर हलक्या टिचक्या मारल्या, आणि वरच्या डबीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुटताना दिसले. त्यानंतर लीव्हर पट्टीने आवळून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो अर्ध्यावर कठीण लागला.

पहिल्या फेरीतच दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे रायझर, अर्थात हँडलला उचलून धरणारे ठोकळे, रबरी बुशवर बसलेले असतात. मूळ ठेंगण्या हँडलवर न जाणवणारी त्यांची लवचीकता लांब दांड्यावर स्पष्ट झाली आणि ब्रेक मारताना हँडल पुढे डुलू लागले, म्हणून तिथे टणक पॉलियुरेथेनचे बुश घातले. दुसरी म्हणजे महामार्गावर छाती वाऱ्याला पूर्ण उघडी पडते आणि हात सारखे घट्ट धरून ठेवावे लागतात. हात फार उंच असले की बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार १६ इंची हँडल वापरणारे वारंवार करतात, पण इथे ती झाली नाही. मनगट मात्र बाहेर वाकत होते. त्यामुळे क्लॅम्प सैल करून हँडल किंचित पुढे, शॉकॲब्सॉर्बरच्या रेषेत आणले. त्याबरोबर ब्रेक ऑइलची डबी तिरकी झाली, तेव्हा लीव्हरचा क्लॅम्पही फिरवून ती सपाट केली आणि सर्व बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कनुसार पुन्हा आवळले.