सगळे अठ्ठावीस सारखे नसतात

१/७
आजोबांची काळी सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची, असे मी गेल्या उन्हाळ्यात ठरवले. जीर्ण टायरवर ‘२८ × १½’ असे कोरलेले होते. मी ग्रॅव्हल सायकलींचा, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरच्या सायकलींचा, ‘२८ इंची’ टायर मागवला. तो रिमवर चढेचना. दुकानातले काका शांतपणे म्हणाले, “सगळे अठ्ठावीस सारखे नसतात.” मी त्या वाक्याचा इतिहास शोधू लागलो.

२/७
जुन्या फ्रेंच पद्धतीत ७०० किंवा ६५० हा आकडा म्हणजे टायरसह चाकाचा स्थूल बाह्य व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचे अक्षर टायरची रुंदी सांगे: ए अरुंद, सी रुंद. बाहेरचे माप तेच राखायचे, तर टायर जितका जाड तितकी रिम लहान. म्हणून रिमवर टायर बसतो तिथला व्यास ७००बीचा ६३५, ७००सीचा ६२२ आणि ६५०बीचा ५८४ मिमी.

३/७
कोडे सुटले. आपल्याकडच्या रोडस्टर सायकलीचे ‘२८ × १½’ चाक म्हणजेच ७००बी, ६३५ मिमी. मी आणलेला टायर ६२२चा. अवघ्या १३ मिलिमीटरांनी फजिती केली होती!

४/७
रुंद की अरुंद, हा वादही जुनाच आहे. सेंत-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलपर्यटनाचे नियतकालिक सुरू केले. गिअर आणि रुंद टायर यांचा ते हिरिरीने पुरस्कार करत. पुढे फ्रेंच भटक्यांनी ६५०बी आपलेसे केले. शर्यतींच्या जगात मात्र अरुंद टायरचे ७००सी प्रतिष्ठित झाले आणि ६५०बी विस्मृतीत जाऊ लागले.

५/७
२००६ साली अमेरिकेतील कॅन्सासच्या गारगोटीच्या रस्त्यांवर एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. ती आज ‘अनबाउंड’ म्हणून ओळखली जाते. ग्रॅव्हलची लोकप्रियता वाढली, तसा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. गणित पाहा: ५८४च्या रिमवर ४७ मिमीचा टायर घातला, तर बाह्य व्यास सुमारे ६७८, ६२२वर २८ मिमीचा घातला, तरी ६७८च. त्याच उंचीच्या चाकात कितीतरी अधिक हवा! हवेचा दाब कमी ठेवता येतो, हादरे कमी बसतात. ६५०बीचे पुनरागमन झाले ते यामुळे.

६/७
मग फ्रेमच अधिक रुंद टायर सामावतील अशा घडू लागल्या आणि कल पुन्हा ७००सीकडे झुकला. मोठे चाक खड्ड्यांवरून अधिक सहज जाते. गंमत अशी, की २५ मिमीच्या टायरसह ७००सीचा खरा व्यास जेमतेम ६७२ भरतो. ग्रॅव्हलचा ३९–४० मिमीचा टायर चढला, की तो ७००च्या घरात पोहोचतो. नाव आणि माप यांची पुन्हा गाठ पडते, ती खडीच्या रस्त्यावर.

७/७
जुन्या कागदात ‘मण’ दिसला, की तो कोणत्या प्रांतातला, हे आपण आधी विचारतो. टायरच्या कडेवरच्या आकड्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा होता. अखेर काकांनीच माळ्यावरून ६३५चा टायर काढून दिला. आजोबांची सायकल आता चालते. मी आणलेला टायर मात्र खुंटीवर टांगून ठेवला आहे.